अंबूबाई विहिरीवर कशाला गेली

सांगलीतल्या हळदीच्या वखारीत बसून अंबूबाईनं स्वतःच्या मरणाची गोष्ट ऐकली, तेव्हा तिचं वय सत्तावीस होतं आणि तिच्या पुढ्यात हळकुंडांचा ढीग होता.

साल शेहेचाळीस, वैशाखाचे दिवस. वखार जिनदत्तअण्णांची. दहा-बारा बायका तिथं हळद निवडायला बसत. लांब हळकुंडं एकीकडं, गोल गड्डे एकीकडं, किडकं बाजूला. अण्णांची बायको गुणमाला सातवी शिकलेली. घरातली जेवणं उरकली की ती मागच्या दारानं वखारीत यायची, पोत्यावर टेकायची आणि पुण्याहून येणाऱ्या मासिकातली एखादी गोष्ट मोठ्यानं वाचायची. अण्णांना पहिल्यांदा ते रुचलं नव्हतं. पण गोष्ट चालू असली की बायकांची तोंडं बंद राहतात आणि हात भराभर चालतात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी त्या वाटेला जाणं सोडलं.

त्या दिवशीची गोष्ट एका वांझ बाईची होती. नवरा पलटणीत. तो रजेवर येतो, आईच्या हट्टापायी दुसरं लग्न करतो. लग्नाच्या दिवशी पहिलीला गोठ्यात कोंडून ठेवतात. तिसऱ्या दिवशी ती कशीबशी बाहेर पडते, विहिरीवर जाते, पतीचं नाव घेऊन हात जोडते आणि आत उडी टाकते. पायरीवर तिच्या काकणाचा एक तुकडा तेवढा राहतो.

गुणमालेनं मासिक मिटलं. बनुबाईनं पदरानं नाक पुसलं. ती अंबूबाईच्याच खोलीत राहायची, मिरजेकडची, तोंडानं फटकळ, पण गोष्ट ऐकून हमखास रडायची.

"कुनाची गं लेक बिचारी," ती म्हणाली. "सुटली एकदाची."

अंबूबाईचे हात थांबले होते. गोठ्याशेजारची चिंच तीच होती. एका शिंगाचा पांढरा बैल तोच होता. 'तुज्या हातानं हळद लाव त्येला, म्हंजी देवालाबी बरं वाटंल,' हे सासूचं बोलणं शब्दाला शब्द तेच होतं.

"अक्का, कुनी लिवलीया ही?"

गुणमालेनं पान उलटून पाहिलं. "भाऊसो गुरुजी म्हणून कुणी आहेत. आटपाडीकडं शाळेत शिकवतात असं दिसतंय."

"ही बाई म्हंजी मी हाय," अंबूबाई म्हणाली.

बनुबाई तिच्याकडं बघत म्हणाली, "आगं, पर तू तर जित्ती हाईस."

"त्येच इचारायचं हाय त्यास्नी," अंबूबाई म्हणाली आणि पुन्हा हळकुंडं निवडायला लागली.

तिचं माहेर आटपाडीच्या माळावरचं. बाप गेलेला, भाऊ अर्जुना मेंढरं राखणारा. तेराव्या वर्षी तिला कृष्णाकाठच्या उसाच्या गावात दिली. माळावरच्या पोरीला पाण्याचं गाव मिळालं म्हणून सगळे हरखले. नवरा लालासाहेब उंचापुरा, बोलायला गोड. अकरा वर्षं तिनं त्या घरात उसाला पाणी पाजलं, गुऱ्हाळाला जळण वाहिलं, सासूचे पाय चेपले. मूल झालं नाही. नवस झाले, वैदू झाले, अंगारे झाले, सगळं तिच्यावर झालं. लालासाहेबाला कुणी एक काढाही पाजला नाही. लढाई सुरू झाल्यावर तो पलटणीत भरती झाला आणि त्रेचाळीसच्या फाल्गुनात रजेवर आला तो लग्न ठरवूनच. नवरीचं नाव रंगुबाई, वय सोळा.

सासूनं हळदीची वाटी अंबूबाईच्या हातात दिली. पहिलीनं आपल्या हातानं नवऱ्याला हळद लावली की सगळ्यांची तोंडं बंद होतात. अंबूबाईनं वाटी खाली ठेवली.

"म्या न्हाई लावायची," ती म्हणाली. "लगीन त्यांचं, खुशी त्यांची, मग माजा हात कशाला पायजे?"

एवढंच ती बोलली. तिला गोठ्यात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. लालासाहेब अंगणातच मुंडावळ्या बांधून उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. वाजंत्र्यांच्या आवाजात तिच्या हाका कुणाला ऐकू जाणार? तो दिवस गेला, दुसरा गेला. बैलाची घमेली कोरडी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कडी निघाली आणि दारात हिरवा चुडा भरलेली एक पोर दिसली. पोरीनं काही विचारलं नाही. फक्त बाजूला झाली.

अंबूबाई तडक विहिरीवर गेली, कारण तिला तहान लागली होती. ती पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि ओंजळीनं पोट फुटेस्तोवर पाणी प्यायली. तोंड धुतलं, केस सारखे केले. वर काठावर मोटकऱ्यानं तिला पाहिलं आणि तो 'बाई जीव देतीया, बाई जीव देतीया' म्हणत गावात पळाला. गाव विहिरीवर जमा होईपर्यंत ती वर येऊन पांदीला लागलीसुद्धा होती. तिथून चालत चौथ्या दिवशी ती माहेरच्या दारात पोचली. पायांना फोड होते.

आठवड्यानं सासरचे चार पंच तिला न्यायला आले. शेतात माणूस कमी पडत होतं. "घरात ऱ्हा, दोन घास खा, नव्या नवरीला हाताखाली घे," असं त्यांचं म्हणणं. भावजय तिला धाडायला राजी, अर्जुना खाली मान घालून बसलेला. काय ठरलं ते कागदावर उतरवायला गावातले भाऊसो गुरुजी बोलावले होते. अंबूबाईनं सगळी हकिगत त्या बैठकीत सांगितली, गोठा, चिंच, बैल, हळदीची वाटी सगळं. शेवटी म्हणाली, "मी जात न्हाई. कागदावर तेवढंच लिवा." गुरुजींनी लिहिलं. आणि पुढच्याच महिन्यात हळद निवडायला सांगलीला निघालेल्या बायकांबरोबर ती चालती झाली, ती सांगलीचीच झाली.

ती हकिगत गुरुजींच्या मनात तीन वर्षं राहिली असणार. मग त्यांनी तिची गोष्ट केली आणि तिला मारून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई गुणमालेला म्हणाली, "अक्का, मला वाचाय शिकवा."

"परत वाचून दाखवते की मी."

"तुमी वाचलं तर मला ऐकू येतंय. मला माज्या डोळ्यांनी बगायचंय."

शिकणं सोपं गेलं नाही. दिवसभर हळद निवडून बोटं ताठरलेली असत, त्यात पाटीवरची पेन्सिल धरायची. काना-मात्रा आले, पण जोडाक्षरांनी तिला रडकुंडीला आणलं. बनुबाई थट्टा करायची, "आता काय मामलेदारीन व्हतीस व्हय?" अंबूबाई तिकडं कान देत नव्हती. पोत्यांवर छापलेली गावांची नावं, दुकानांवरच्या पाट्या, कागदाच्या पुडीवरची फाटकी बातमी, जे दिसेल ते ती अडखळत वाचायची. कृष्णेवर धुणं धुवायला गेली तरी घाटाच्या दगडावर ओल्या बोटानं अक्षरं काढायची आणि ती वाळून जायच्या आत वाचून बघायची. ज्येष्ठात सुरुवात केली होती. दिवाळीच्या पाडव्याला तिनं गुणमालेकडून ते मासिक मागून घेतलं आणि गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचली. सबंध दिवस लागला.

वाचून झाल्यावर ती गुणमालेकडं गेली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"अक्का, ह्यात समदी वाईट हायती त्या बायकाच. सासू कैदाशीन, सवत तर नागीन. आन् नवरा? त्यो बिचारा कोपऱ्यात डोळं पुसतोय! लगीन लावलं त्यानं, आन् रडायचंबी त्यानंच? आन् ही बाई मरताना त्येच्या नावानं हात जोडती! म्या कवा जोडलं हात?"

गुणमालेनं मासिक हातात घेतलं. ही गोष्ट वाचताना तीही रडली होती. आता तिला त्याची थोडी लाज वाटली.

"आणि सवतीनं तुझी कडी काढली होती, ते?" तिनं विचारलं.

"त्ये कुटंच न्हाई. गोष्टीत कडी आपुआप निघती."

संक्रांत झाल्यावर अंबूबाई मोटारीनं माहेरी गेली. भावाच्या घरी गाठोडं टाकलं आणि शाळेवर गेली. मधली सुट्टी होती. गुरुजी लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. माणूस सज्जन, मुलांना न मारणारा, मळक्या टोपीचा. तिला पाहून त्यांना खरोखरच आनंद झाला.

"अंबू! सांगलीला असतेस म्हणे. अगं, तुझ्या दुःखावर मी लिहिलं, माहीत आहे का तुला? पुण्याहून पत्रं आली. वाचताना रडलो असं लोक लिहितात."

"वाचली म्या," अंबूबाई म्हणाली.

"तू वाचलीस?"

"व्हय. सा महिने शिकले त्येच्यापायी. गुरुजी, मला मारली कशाला?"

गुरुजी हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "ती गोष्ट आहे, अंबू. त्यातली बाई म्हणजे तू नव्हेस. आणि ती जगली असती तर वाचणाऱ्याच्या काळजाला हात कसा गेला असता? लोकांना कळायला नको का, बायकांवर काय जुलूम होतो ते?"

"मेल्याबिगर कळत न्हाई व्हय त्यास्नी?"

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आवं, वखारीत बारा बायका ऐकत हुत्या," ती म्हणाली. "समद्या रडल्या. आन् आमची बनुबाई काय म्हनली ठावं हाय? म्हनली, सुटली एकदाची. तिचा दाल्ला तिला रोज बडवायचा, तवा ती बी पळून सांगलीला आलीया. तिलाबी ह्या गोष्टीतनं काय कळलं? सुटायचं म्हंजी हिरीत पडायचं. चालत चार दिसांनी म्हायेरला जाता येतंय, सांगलीत हाताला काम घावतंय, ह्ये अजून मार खात बसलेलीला कुनी सांगायचं?"

"तू विहिरीवर गेली होतीस. मोटकऱ्यानं पाहिलं होतं. मला वाटलं..."

"दोन दिस पानी न्हवतं पोटात. तहानेला मानूस हिरीवरच जातंय. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं. बैठकीत तुमाला चिंच दिसली, बैल दिसला. मी तुमच्यापुढं बसले हुते, ती मी दिसले न्हाई."

घंटा वाजली. मुलं वर्गात गेली तरी गुरुजी उठले नाहीत. ते म्हणाले, "मी दुसरी लिहितो. शेवट बदलून."

"नगं. मी लिवते. कागद कुटं धाडायचा, तेवढं सांगा."

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. तिला हसावं की समजवावं हे त्यांना कळेना. मग त्यांनी वहीचं पान फाडून मासिकाचा पत्ता लिहून दिला. जाताना म्हणाले, "लोक नावं ठेवतील तुला, अंबू."

"आता काय देव्हाऱ्यात बशिवलीया व्हय मला?" ती म्हणाली.

पण लिहायला बसायच्या आधी तिला एक काम करायचं होतं. फाल्गुनात ती सासरच्या गावाजवळच्या आठवडी बाजारात गेली आणि दोन बाजार फुकट गेल्यावर तिसऱ्या बाजारी तिला रंगुबाई भेटली. पोर आता वीस वर्षांची बाई झाली होती, पण दिसायला तिशीची. कडेवर दीड वर्षाची मुलगी. लालासाहेब लढाईवरून परत आला होता आणि मुलगीच झाली म्हणून घरात पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली होती. मधल्या काळात दुसरी करायला बंदी घालणारा कायदा आला होता म्हणून, नाहीतर तिसरीचं बोलणं कधीच झालं असतं.

अंबूबाईला पाहून रंगुबाई दचकली. "थोरल्या बाई!"

दोघी बांगडीवाल्याच्या मागं भिंतीला टेकून बसल्या. अंबूबाईनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "कडी तू काडलीस, ह्ये म्या लिवनार. तुजं नाव घालू का नगं? तुला घरात तरास हुईल. तू न्हाई म्हनलीस तर न्हाई घालायची."

रंगुबाई मुलीच्या अंगावरचं झबलं सारखं करत राहिली. तिला असं कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

"घाला," ती शेवटी म्हणाली. "पर कडी का काडली त्येबी लिवा. मला तुमची दया आली न्हवती. मी भ्याले हुते. म्हनलं, आज हिला कोंडलीया, उद्या मला हितंच कोंडत्याल. म्हनून बगाय आले, आत कसं असतंय ते. त्येच लिवा. उगं मला देवी करू नगा."

अंबूबाईनं तसंच लिहिलं. साडेतीन महिने लागले. व्याकरण गुणमालेनं तपासलं, पण अंबूबाईनं शब्द बदलू दिले नाहीत. एकदा गुणमालेनं 'तहान' खोडून 'तृष्णा' केलं, तर अंबूबाईनं पुन्हा 'तहान' केलं. सगळी मिळून नऊ पानं झाली. पुण्याला धाडली. दोन महिन्यांनी परत आली. संपादकांनी सोबत चार ओळी लिहिल्या होत्या. 'लेखन प्रामाणिक आहे, परंतु शेवट रुक्ष वाटतो. पतीला पश्चात्ताप झाल्याचे दाखविल्यास वाचकांचे समाधान होईल.'

गुणमाला म्हणाली, "घालूया का एक वाक्य? छापून तरी येईल."

"त्येला झाला न्हाई, तर मी कुटनं आनू?" अंबूबाई म्हणाली.

तिनं एका वेगळ्या कागदावर उत्तर लिहिलं. ते गुणमालेनं पुढं पुष्कळ वर्षं पाठ म्हणून दाखवलं. 'नवऱ्याला वाईट वाटले नाही. वाटेल तेव्हा कळवीन. गोष्ट आहे तशी छापावी, नाही तर परत करावी. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.' पुन्हा नऊ पानं धाडली. मग अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला सगळीकडं जाळपोळ झाली, मासिक दोन-तीन महिने निघालंच नाही. सगळ्यांनी आशा सोडली. अंबूबाईनं सोडली की नाही हे कुणाला कळलं नाही. ती रोज कामावर येत होती.

ज्येष्ठात टपाल आलं. गोष्ट छापली होती, जशी होती तशी. फक्त नावाच्या जागी 'एक दुर्दैवी भगिनी' असं होतं.

अंबूबाईनं त्याच दिवशी कार्ड टाकलं. 'मी दुर्दैवी नाही. नाव लिहून पाठविले होते, ते घालावे.' पुढच्या अंकात आतल्या पानावर बारीक अक्षरात दुरुस्ती आली. 'मागील अंकातील कथेच्या लेखिका सौ. अंबूबाई, सांगली.' त्यातल्या 'सौ.'वरून ती दोन दिवस धुमसत होती, पण पुन्हा कार्ड काही टाकलं नाही.

वखारीत गोष्ट तिनं स्वतः वाचली. जोडाक्षरांवर थांबत होती. बायका रडल्या नाहीत. पाणी पिण्याच्या जागेला बनुबाई एकदम मोठ्यानं हसली आणि मग सगळ्याच हसल्या. कडी काढायच्या जागेला मात्र सगळ्यांचे हात थांबले.

महिन्याभरात मासिक कुणाच्या तरी हातून सासरच्या गावात पोचलं. लालासाहेब सांगलीला आला तो सरळ वखारीत शिरला. पलटणीतला कोट, पिळलेल्या मिशा. पाच वर्षांनी दोघं समोरासमोर आली. जिनदत्तअण्णा गादीवरून उठायला लागले, तर गुणमालेनं मागनं त्यांना खूण केली, बसा.

"आमची अब्रू छापलीस व्हय गं?" तो ओरडला. "कोर्टात खेचीन तुला!"

अंबूबाई उभी राहिली. हात पदराला पुसले. मासिक कोनाड्यात होतं, ते तिनं काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"तुमी पलटनीत वाचाय शिकलाय. वाचा. ह्यात खोटं कुटं हाय, तिथं बोट ठेवा. मी खोडून टाकते."

त्यानं मासिक हिसकावून घेतलं. वाचायला लागला. बायका निवडायचं सोडून बघत होत्या. तो एक पान वाचत गेला, दुसरं वाचत गेला. मुंडावळ्या बांधून अंगणात उभा होता, तिथं तो थांबला. बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं.

"तोंड फिरवलं न्हाई म्या," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "मी... भटजी हाक मारत हुता."

"मग हाका ऐकल्या हुत्या म्हना की तुमी," अंबूबाई म्हणाली. "भटजीची ऐकली, माजी न्हाई?"

लालासाहेबानं मासिक पोत्यावर टाकलं आणि तो निघून गेला. कोर्ट काही झालं नाही. त्यानं घरी जाऊन रंगुबाईवर राग काढला, हेही खरं. ते कळल्यावर अंबूबाई तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी ती आणि बनुबाई मोटारीत बसून त्या गावात गेल्या, भर चावडीसमोरच्या त्या घराच्या दारात. रंगुबाईला तिनं हाक मारून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "रंगे, सांगलीत आमची खोली हाय. तुला आन् पोरीला जागा हाय. येनार असशील तर आत्ता, न्हाईतर कवाबी."

रंगुबाई त्या दिवशी आली नाही. उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. पण त्यानंतर तिच्यावर हात उचलताना त्या घराला विचार करावा लागला, कारण तिला जायला जागा होती हे आता सबंध गावाला माहीत होतं. ती आली एकोणपन्नासच्या आषाढात, कडेवर मुलगी आणि डोक्यावर बोचकं घेऊन. अंबूबाई तेव्हा कामावर होती. बनुबाईनं तिला आत घेतलं आणि आधी तांब्याभर पाणी दिलं.

भाऊसो गुरुजींनी पुढंही गोष्टी लिहिल्या. अंबूबाईनं फक्त आणखी एक लिहिली, ती सासूवर. त्या बाईलाही नवी नवरी असताना एकदा कुणीतरी गोठ्यात कोंडलं होतं, हे रंगुबाईकडून कळल्यावर. ती गोष्ट लिहायला तिला पहिलीपेक्षा फार जड गेलं, आणि छापून आल्यावर ती तिनं वखारीत वाचली नाही, रंगुबाईला वाचायला दिली. रंगुबाई तेव्हा बाराखडी शिकत होती. गोष्ट वाचायला तिला दोन आठवडे लागले. अंबूबाईनं तिला मध्ये एकही शब्द सांगितला नाही.